समलिंगी विवाहित जोडप्यांनी अमेरिकेत आयकर विवरणपत्र कसे भरावे

अमेरिकेतील आयकर विवरणपत्रात, म्हणजे फॉर्म १०४० मध्ये, उत्पन्नाचा एकही आकडा लिहिण्याआधी वैवाहिक स्थितीच्या चौकोनात खूण करावी लागते. समलिंगी विवाहित जोडप्यांना २०१३ पर्यंत नेमक्या याच चौकोनात खोटे लिहावे लागत असे. मॅसॅच्युसेट्सने १७ मे २००४ पासून त्यांचे विवाह नोंदवायला सुरुवात केली, तरी १९९६ च्या 'डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट'मुळे फेडरल (केंद्र) सरकारच्या लेखी ती दोन माणसे एकमेकांची कोणीच नव्हती आणि दोघांनाही 'अविवाहित' म्हणून वेगवेगळे विवरणपत्र भरावे लागे. हा अन्याय ज्या खटल्यामुळे संपला, तो मुळात कराचाच खटला होता. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर आणि थिया स्पायर यांनी २००७ मध्ये टोरंटोला लग्न केले होते. २००९ मध्ये स्पायर वारल्या, आणि पतीच्या मागे पत्नीला मिळाली असती तर करमुक्त ठरली असती त्याच मालमत्तेवर विंडसर यांच्याकडून ३,६३,०५३ डॉलर वारसा कर घेण्यात आला. २६ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'डिफेन्स ऑफ मॅरेज ॲक्ट'चे तिसरे कलम, म्हणजे फेडरल कायद्यांपुरता विवाह फक्त स्त्री-पुरुषाचाच मानणारे कलम, रद्द केले.

पुढील मांडणीत शक्य तेथे २०२५ या करवर्षाचे आकडे घेतले आहेत. आज नियम सर्वांना सारखा आहे, परंतु तो लागू होताना कोणाचे पैसे वाचतात, तर कोणाला जास्त भरावे लागतात. हिशोब आधी करून पाहणाऱ्याला विवरणपत्राच्या मुदतीच्या वेळी, एप्रिलमध्ये, धक्का बसत नाही, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी विवाह कोणता, ते पाहा

आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या फेडरल करखात्याचा, प्रश्न असा असतो की ३१ डिसेंबर रोजी तुमचा विवाह कायद्याने अस्तित्वात होता का. लग्न ३० डिसेंबरला झाले असले तरी संपूर्ण वर्षासाठी तुम्ही विवाहित धरले जाता, आणि घटस्फोटाचा अंतिम आदेश ३० डिसेंबरला निघाला असेल तर संपूर्ण वर्षासाठी अविवाहित. विवाह जेथे लागला तेथील कायद्याने तो वैध असला म्हणजे पुरे, तुम्ही आता कोठे राहता याला महत्त्व नाही. आयआरएसने २९ ऑगस्ट २०१३ च्या निर्णयात (रेव्हेन्यू रुलिंग २०१३-१७) ही भूमिका घेतली, २०१६ च्या नियमांत 'पती' आणि 'पत्नी' हे शब्द लिंगनिरपेक्ष असल्याचे स्पष्ट झाले, आणि १३ डिसेंबर २०२२ रोजी स्वाक्षरी झालेल्या 'रिस्पेक्ट फॉर मॅरेज ॲक्ट'ने फेडरल मान्यतेला संसदीय कायद्याचा आधार दिला. परदेशात झालेला विवाह अमेरिकेतील किमान एका राज्याच्या कायद्याने विवाह म्हणून मान्य होण्याजोगा असेल, तर तोही चालतो. त्यामुळे कॅनडात लग्न करून, समलिंगी विवाह न मानणाऱ्या एखाद्या देशात राहणारे जोडपेसुद्धा आयआरएसच्या दृष्टीने विवाहितच असते.

मात्र 'सिव्हिल युनियन' आणि 'रजिस्टर्ड डोमेस्टिक पार्टनरशिप' या विवाहाऐवजी काही राज्यांत नोंदवल्या जाणाऱ्या नात्यांना फेडरल कर कायदा विवाह मानत नाही, आणि येथे अनेकांची गफलत होते. कॅलिफोर्नियात नोंदणी केलेले जोडीदार राज्याच्या विवरणपत्रात विवाहितांप्रमाणे भरतात, पण फेडरल विवरणपत्रात त्यांना विवाहित म्हणवून घेता येत नाही, आणि त्यातही कॅलिफोर्नियाचा सामाईक मालमत्तेचा कायदा लागू असल्याने दोघांचे सामाईक उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून फॉर्म ८९५८ जोडावा लागतो. तुमच्या हातात असलेला दाखला नेमका कशाचा आहे, हे एकदा काढून वाचा. काही राज्यांनी पुढे जुन्या सिव्हिल युनियनचे आपोआप विवाहात रूपांतर केले, त्यामुळे दाखल्यावरचा शब्द आणि आजची कायदेशीर स्थिती या दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात.

विवाह वैध असेल, तर पर्याय दोनच उरतात: संयुक्त विवरणपत्र, किंवा विवाहित असूनही स्वतंत्र विवरणपत्र. सवयीने 'अविवाहित' अशी खूण करत राहणे ही चूक आहे, मग त्यात कर कमी बसत असो वा जास्त. मूल सोबत आहे म्हणून 'कुटुंबप्रमुख' ही सवलतीची स्थिती घेणेही एकत्र राहणाऱ्या विवाहित जोडप्याला सहसा जमत नाही, कारण त्यासाठी वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदारापासून वेगळे राहिलेले असावे लागते.

लाभ की भुर्दंड

संयुक्त विवरणपत्राचा परिणाम दोघांच्या उत्पन्नातील अंतरावर अवलंबून असतो. समजा, एकाचा पगार १,२०,००० डॉलर आहे आणि दुसऱ्याचा २०,०००. ही दोन माणसे अविवाहित असती, तर प्रत्येकी १५,७५० डॉलरची स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा तपशील न देता मिळणारी सरसकट वजावट) वजा जाऊन पहिल्याला १७,८६७ आणि दुसऱ्याला ४२५, असा एकूण १८,२९२ डॉलर कर आला असता. संयुक्त विवरणपत्रात ३१,५०० डॉलरची स्टँडर्ड डिडक्शन वजा जाते, कराचे टप्पे दुप्पट रुंद होतात आणि कर १३,६९८ डॉलरवर येतो. म्हणजे वर्षाला ४,५९४ डॉलर वाचतात. २००४ मध्ये लग्न केलेल्या आणि एकाच कमाईवर घर चालवणाऱ्या जोडप्याने पुढची काही वर्षे काय गमावले असेल, त्याचा अंदाज यावरून यावा.

आता तेच १,४०,००० डॉलर दोघांनी प्रत्येकी ७०,००० असे कमावले असते, तर अविवाहित म्हणून दोघांचा मिळून कर १३,६९८ डॉलरच झाला असता. लग्नाने येथे एका डॉलरचाही फरक पडत नाही. ३५ टक्क्यांच्या टप्प्याच्या सुरुवातीपर्यंत संयुक्त टप्पे एकट्याच्या टप्प्यांच्या बरोबर दुप्पट आहेत, त्यामुळे बहुतेक मध्यमवर्गीय जोडप्यांना नुसत्या कराच्या दरांमुळे लग्नाचा भुर्दंड बसत नाही.

भुर्दंड बसतो तो इतर मर्यादांमुळे. पगारावरील ०.९ टक्के अतिरिक्त मेडिकेअर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) कर एकट्या व्यक्तीला २,००,००० डॉलरच्या वर लागतो, पण संयुक्त विवरणपत्रात ती मर्यादा ४,००,००० नसून २,५०,००० आहे. प्रत्येकी १,९०,००० डॉलर पगार असलेल्या दोघांना अविवाहित असताना हा कर शून्य असतो, तर विवाहित झाल्यावर १,३०,००० डॉलरवर, म्हणजे १,१७० डॉलर लागतो. त्यातली खोच अशी की कंपनी ही कपात प्रत्येकाच्या पगाराने २,००,००० ओलांडल्यावरच सुरू करते, त्यामुळे वर्षभर एक पैसाही कापला जात नाही आणि फॉर्म ८९५९ भरताना सगळी रक्कम एकदम समोर येते. गुंतवणुकीच्या उत्पन्नावरील ३.८ टक्के कराला याच दोन मर्यादा आहेत. भांडवली तोट्याची पगारातून होणारी वजावट एकट्याला ३,००० डॉलर आणि जोडप्यालाही ३,०००च मिळते. राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीची ४०,००० डॉलरची कमाल मर्यादाही एका विवरणपत्रामागे एकच आहे. लग्न न केलेल्या दोन घरमालकांना ती दोनदा मिळते, तर विवाहितांनी वेगळे भरले तर प्रत्येकी २०,०००.

घराच्या कर्जाचा मामला याहून मासलेवाईक आहे. कर्जावरील व्याजाची वजावट एका ठरावीक मुद्दलापर्यंतच मिळते. ती मर्यादा माणसामागे मोजायची की घरामागे, असा वाद कॅलिफोर्नियातील एका नोंदणीकृत, परंतु विवाह न केलेल्या पुरुष जोडप्याने न्यायालयात नेला. २०१५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती माणसामागे असल्याचा निकाल दिला आणि पुढच्या वर्षी आयआरएसनेही तो स्वीकारला. सध्याच्या नियमानुसार याचा अर्थ असा की अविवाहित सहमालकांना प्रत्येकी ७,५०,००० डॉलरच्या कर्जापर्यंत व्याज वजा करता येते, तर विवाहित जोडप्याला दोघांत मिळून ७,५०,००० पर्यंतच. हा भुर्दंड भिन्नलिंगी विवाहितांनाही तंतोतंत तसाच बसतो, म्हणून त्याला भेदभाव म्हणता येणार नाही. विवाहाची किंमत अशा ठिकाणी सर्वांनीच मोजायची असते. फक्त महाग शहरात घर घेणाऱ्या जोडप्याने लग्नाची तारीख आणि कर्जाची रक्कम एकाच कागदावर मांडून पाहावी, असे मला वाटते. प्रेमाला हिशोब नसतो हे खरे असले तरी व्याजाला असतो.

स्वतंत्र भरणे कधी योग्य

दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहण्याचा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरही आहे, पण बहुतेकदा उत्तर संयुक्त हेच येते. स्वतंत्र विवरणपत्र भरले की शिक्षणावरील करसवलती आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जाते, आणि दोघे एकत्र राहत असतील तर रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यात पैसे टाकण्याची मुभा १०,००० डॉलर उत्पन्नावरच संपते. एकाने खर्चांची तपशीलवार वजावट घेतली, तर दुसऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही.

तरीही काही परिस्थितींत हाच मार्ग बरा ठरतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता उत्पन्नावर आधारित असेल, तर स्वतंत्र विवरणपत्रामुळे जोडीदाराचा पगार त्या हिशोबात न धरण्याची शक्यता असते आणि हप्त्यातील बचत वाढीव करापेक्षा मोठी निघू शकते. दुसरे कारण जबाबदारीचे आहे. संयुक्त विवरणपत्रावर सही केली की संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवर येते, एकाने लपवलेल्या उत्पन्नाचीसुद्धा. फॉर्म ८८५७ भरून निर्दोष जोडीदार म्हणून सुटका मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. जोडीदाराच्या धंद्याच्या हिशोबाबद्दल खात्री नसेल, तर चार पैसे जास्त गेले तरी वेगळे भरा. स्वतंत्र भरलेले विवरणपत्र मूळ मुदतीपासून तीन वर्षांत संयुक्त करून घेता येते, मात्र संयुक्त भरलेले मुदत उलटून गेल्यावर स्वतंत्र करता येत नाही. शंका असेल तेव्हा आधी स्वतंत्र भरण्यामागे हे साधे कारण आहे. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन, ॲरिझोना यांसारख्या सामाईक मालमत्तेच्या नऊ राज्यांत मात्र स्वतंत्र विवरणपत्रातही सामाईक उत्पन्न निम्मे-निम्मे दाखवावे लागते, तेव्हा अपेक्षित फायदा तेथे बऱ्याचदा विरून जातो.

पगारपत्रक आणि विमा

लग्नानंतर नोकरीच्या ठिकाणी दोन कामे लगेच करायची असतात. पहिले काम नवा डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून कर किती कापावा हे कंपनीला सांगणारा फॉर्म, देण्याचे. दोघेही कमावते असताना दोघांनीही नुसतीच 'विवाहित, संयुक्त' अशी खूण केली, तर प्रत्येक कंपनी आपलाच पगार घरातला एकमेव असल्याचे गृहीत धरते आणि कर कमी कापला जातो. त्यासाठी फॉर्मच्या दुसऱ्या टप्प्यातील दोन नोकऱ्यांचा चौकोनही भरावा लागतो. आडनाव बदलले असेल तर आधी सोशल सिक्युरिटी कार्यालयात नोंद करा, कारण नाव आणि क्रमांक जुळले नाहीत तर रिफंड अडकतो.

दुसरे काम आरोग्य विम्याचे. कंपनी जोडीदाराच्या विम्याचा जो भाग भरते तो विवाहितांसाठी करमुक्त असतो, परंतु तोच जोडीदार कराच्या दृष्टीने आश्रित नसलेला 'डोमेस्टिक पार्टनर' म्हणून नोंदलेला असेल, तर ती रक्कम तुमच्या पगारात मिळवून तिच्यावर आयकर आणि सोशल सिक्युरिटी कर दोन्ही कापले जातात. पगारपत्रकावर ती 'इम्प्युटेड इन्कम' या नावाने दिसते. लग्न झाले तरी मनुष्यबळ विभागातील नोंद जुनीच राहिली, तर ही कपात निमूटपणे चालू राहते आणि वर्षाअखेरीच्या डब्ल्यू-२ मध्ये (वर्षाचा पगार आणि कपात दाखवणाऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये) मिसळून गेल्यावर सहज ओळखूही येत नाही. लग्नाआधीचे आणि नंतरचे एकेक पगारपत्रक शेजारी ठेवून पाहिले की दोन मिनिटांत कळते. मागील वर्षांत अशी चूक झाली असेल, तर कंपनीकडून दुरुस्त डब्ल्यू-२ मागून घ्या आणि त्याच्या आधारे सुधारित विवरणपत्र भरा.

जोडीदार परदेशी असेल तर

अमेरिकी नागरिकाने किंवा ग्रीन कार्डधारकाने परदेशात राहणाऱ्या व्यक्तीशी विवाह केला असेल, तर तो जोडीदार कराच्या दृष्टीने अनिवासी असतो आणि संयुक्त विवरणपत्राचा मार्ग आपोआप खुला होत नाही. दोघांनी सही केलेले निवेदन जोडून त्याला निवासी मानण्याचा पर्याय घेता येतो. त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर डब्ल्यू-७ फॉर्म त्याच विवरणपत्रासोबत पाठवून आयटीआयएन हा करदात्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. हा पर्याय घेतला की जोडीदाराचे जगभरातील उत्पन्न अमेरिकेत दाखवावे लागते, आणि एकदा तो मागे घेतला तर त्याच जोडीदारासोबत पुन्हा कधीच घेता येत नाही. तेव्हा तिकडे फारशी कमाई नसेल तर हा पर्याय फायद्याचा, आणि तिकडे घरभाडे, ठेवी, धंदा असेल तर आधी पूर्ण हिशोब करावा. जोडीदाराच्या मायदेशी हा विवाह मान्य नसला, तरी अमेरिकेतील या हक्काला त्याने बाध येत नाही.

मूल होताना

दत्तक खर्चावरील करसवलत २०२५ साठी एका मुलामागे कमाल १७,२८० डॉलर आहे, आणि त्यातील ५,००० डॉलरपर्यंतची रक्कम कर शून्य असला तरी हातात मिळू शकते. समलिंगी जोडप्यांना मात्र येथे एक सापळा आहे. दोघींपैकी एकीने मूल जन्माला घातले आणि दुसरीने आपला पालकत्वाचा हक्क पक्का करण्यासाठी ते दत्तक घेतले, तर तो जोडीदाराच्या मुलाचा दत्तकविधी ठरतो आणि त्याच्या खर्चावर ही सवलत मिळत नाही. त्या विवाहित नसत्या, तर मिळाली असती. म्हणून दत्तक घेऊच नये असे मी म्हणणार नाही, कारण न्यायालयाच्या आदेशाने मिळालेले पालकत्व वकिलाच्या खर्चापेक्षा मोलाचे आहे. फक्त तो खर्च सवलतीत धरून बजेट आखू नका.

सरोगसीच्या बाबतीत समानता अजून आलेलीच नाही. वैद्यकीय खर्च समायोजित एकूण उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांच्या वर गेला की वजा करता येतो, पण तो स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा आश्रिताच्या शरीरावरील उपचारांसाठी असावा लागतो. एका समलिंगी पुरुषाने बीजदान आणि सरोगसीचा खर्च वजा मागितला, तेव्हा २०१७ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो नाकारला. पुरुष जोडप्यांनी स्वतःच्या तपासण्यांची आणि शुक्राणूंशी संबंधित उपचारांची बिले वेगळी ठेवावीत, कारण तेवढा भाग स्वतःच्या शरीरावरचा असल्याचे मांडता येते.

जुनी वर्षे, देणग्या आणि वारसा

विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षे किंवा कर भरल्यापासून दोन वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपते तोपर्यंत १०४०-एक्स फॉर्मने परतावा मागता येतो. गेल्या तीन वर्षांत विवाहित असूनही कोणी 'अविवाहित' म्हणून भरले असेल, तर आत्ताच दुरुस्ती करावी. २०१३ च्या निकालानंतर आयआरएसने मागील वर्षे दुरुस्त करण्याची परवानगी दिली, पण सक्ती केली नाही. त्यामुळे ज्यांचा कर वाढला असता त्यांनी काही करायची गरज नव्हती, आणि ज्यांना परतावा मिळणार होता त्यांनी अर्ज केले. परंतु तीन वर्षांची मुदत सगळ्यांना सारखीच लागू झाल्याने बहुतेकांना २०१० च्या मागे जाता आले नाही. २००४ ते २००९ या काळात जास्त कापलेला कर सरकारकडेच राहिला. तो परत मिळावा म्हणून सिनेटर एलिझाबेथ वॉरन आणि प्रतिनिधी ज्युडी चू यांनी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. ज्या सरकारने अर्ज करण्याचा हक्कच नाकारला होता, त्यानेच अर्ज वेळेत न आल्याचे कारण सांगावे, हे मला आजही पटत नाही.

आता विवाहितांना एकमेकांना कितीही रक्कम भेट देता येते आणि मृत्यूनंतर मालमत्ताही वारसा कराविना मिळते, अट एवढीच की घेणारा जोडीदार अमेरिकी नागरिक असावा. तो नागरिक नसेल, तर २०२५ मध्ये वर्षाला १,९०,००० डॉलरपर्यंतची भेट करमुक्त आहे आणि मोठ्या मालमत्तेसाठी विशेष विश्वस्त निधी करावा लागतो. पहिल्या जोडीदाराची न वापरलेली वारसा सूट दुसऱ्याच्या नावे वळवायची असेल, तर कर लागत नसला तरी फॉर्म ७०६, म्हणजे वारसा कराचे विवरणपत्र, भरावाच लागतो. ज्यांना तो भरण्याचे अन्यथा बंधन नसते, त्यांना मृत्यूच्या पाचव्या वर्षदिनापर्यंत मुदत मिळते.

विंडसर निकालाआधी विवाहित असताना एकमेकांना घर किंवा मोठी रक्कम दिली असेल आणि तेव्हा त्यासाठी भेट आणि वारसा करातली आपली आजन्म सूट खर्ची घातली असेल, तर ते कागद शोधून काढा. परताव्याची मुदत संपली असली तरी २०१७ च्या नोटिशीनुसार (नोटीस २०१७-१५) ती खर्ची पडलेली सूट पुन्हा मोजून परत मिळवता येते, आणि त्यासाठी तेव्हाचा फॉर्म ७०९, म्हणजे भेट कराचे विवरणपत्र, समोर ठेवून नव्याने हिशोब करावा लागतो.